दुसरा टाक

आबा गाडीत असले की बायको मला 'अहो' म्हणते. एरवी मी 'अरे' आहे. सासऱ्यांसमोरची ही रीत अॅरिझोनात सतरा वर्षं काढूनही तिनं सोडलेली नाही. या 'अहो'चं 'अरे' केव्हा होतं यावरून गाडीतलं खरं तापमान कळतं, हा शोध मला गणपतीच्या आधीच्या शनिवारी लागला. स्थळ, कॅलिफोर्नियातलं इंडिओ गाव मागे टाकल्यावर इंटरस्टेट 10 ला लागणारा चढ. वेळ, दुपारी साडेतीन. बाहेर 112 अंश. फॅरनहाइट आहे, पण त्याला 44 सेल्सिअस म्हटल्यानं काही गार वाटत नाही.

फीनिक्सच्या आमच्या मंडळात डॉक्टर आहेत, चिप बनवणारे आहेत, तीन जण तर स्वतःला नाट्यदिग्दर्शक म्हणवतात. पिकअप मात्र माझ्या एकट्याकडे आहे. चाळीत ज्याच्याकडे मोठं पातेलं असायचं त्याची जी गत, तीच माझी. मान नाही, मागणी आहे. त्या वर्षी मंडळाच्या मूर्ती पेणहून निघून बोटीनं लॉस एंजेलिसला पोचल्या होत्या. घरोघरच्या शाडूच्या बावीस, एक तीन फुटी सार्वजनिक, शिवाय तिकडच्या एका पथकानं वापरून सोडलेले सोळा ढोल आणि स्टेजच्या लोखंडी चौकटी. हा सगळा ऐवज ट्रेलरमध्ये घालून 370 मैल आणायचा होता. अध्यक्षांनी विचारलं, "ओढेल ना एवढं?" मी म्हणालो, "मी आठ हजार पौंड ओढतो." 'मी' म्हणालो, ट्रक नाही. गाडीबद्दल बोलताना पुरुषांचा कर्ता नेहमी चुकतो.

ट्रक म्हणजे आपला मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेला दहाचाकी नव्हे. पुढे पाच माणसांची ऐसपैस खोली आणि मागे उघडा हौदा, अशा वाहनाला अमेरिकन माणूस ट्रक म्हणतो आणि त्यातून बहुतेक वेळा दूध आणायला जातो. आबांनी पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या सीटवर बसून डाव्या पायानं खाली बराच वेळ चाचपलं.

"क्लच कुठाय?"

"नसतो आबा. ऑटोमॅटिक आहे."

"मग गाडी कुणाच्या हुकमात?"

आबा साताऱ्याकडचे यष्टीचे ड्रायव्हर. 31 वर्षं. जुन्या यष्टीत इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, गाडीच्या आतच असे. त्याच्या बॉनेटवर गोधडी, गोधडीवर दोन प्रवासी आणि एखादी कोंबड्यांची पाटी. त्या धगीनं आबांच्या डाव्या पोटरीवरचे केस कायमचे गेलेत. उजवा पाय जंगल, डावा पाय तान्ह्या बाळाचा. खंबाटकीच्या चढावर गाडी उकळली की कुठल्या वळणावर पाणी मिळतं, रेडिएटरचं झाकण किती पदरी ओल्या फडक्यानं धरायचं आणि ते उघडताना तोंड कुठे फिरवायचं, हे त्यांना अजून पाठ आहे. त्यामुळे "उन्हं चढायच्या आत घाट उरकायचा, चार वाजता निघू," हे त्यांनी आदल्या रात्री सांगितलं, ते हुकूम म्हणूनच.

पहाटे चारला निघणं मला जमलं नाही, कारण गोदाम उघडायचं नवाला. मग कागदपत्रं. मग एका मूर्तीची सोंड खोक्यात नीट आहे ना, यावर अर्धा तास. मग जाता जाता आर्टेशियाच्या भारतीय बाजारात मोदकाची पिठी "पाच मिनिटांत" घेणं. पाच मिनिटांत पिठी, लाह्या, पितळी निरांजन, दोन साड्या आणि जेवण झालं. सार्वजनिक मूर्ती ट्रेलरमध्ये घालायला कुणाचं मन होईना, म्हणून तिला मागच्या सीटवर मुलगी आणि बायको यांच्यामधे बसवून पट्टा लावला. एसीचा झोत देणारी झडप तिकडे वळवली.

वाटेत सॅन गोर्गोनियो खिंडीत पवनचक्क्यांचं जंगल लागतं. तिथे वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे आमच्या पाठीमागून. मला बरं वाटलं, देवही ढकलतोय. आबांनी खिडकीबाहेर बघून तोंड वाकडं केलं. "पाठीचा वारा काय कामाचा? जाळीला तोंडावर वारा लागतो." ते बरोबर होतं. वारा गाडीच्याच दिशेनं धावत असला की पुढच्या जाळीत शिरणारी हवा कमी होते. पण तेव्हा सगळं थंड होतं, आणि गाडी थंड असताना म्हाताऱ्या माणसांचं कोण ऐकतं?

क्लच नसलेली गाडी चालते कशी, हे आबांना समजावताना मलाही ते पहिल्यांदाच नीट समजलं. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवायचे. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसऱ्याची पाती फिरायला लागतात. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे असे दोन पंखे एका डब्यात कोंडलेले असतात, वाऱ्याच्या जागी फक्त तेल. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. हर्मन फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरनं 1905 साली या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. बोटीवरची ही युक्ती पुढे मोटारीत शिरली.

"म्हंजे मदे मध्यस्थ हाय," आबा म्हणाले.

मला पाच मिनिटं लागली होती, त्यांना चार शब्द. सपाटीवर गाडी एका चालीत असली की आतला लॉक-अप क्लच दोन्ही पंख्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. मध्यस्थाला सुट्टी, दोन्ही घरं थेट बोलतात. चढ आला, ओझं आलं, की हे कुलूप सुटतं आणि मध्यस्थ पुन्हा मधे. इंजिनाकडचा पंखा पुढे धावतो, गिअरकडचा मागे रेंगाळतो. दोघांच्या वेगात जो फरक पडतो त्याची उष्णता होते आणि ती तेल सोसतं. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचेही थंड असतात आणि मुलीकडचेही. घाम मध्यस्थालाच फुटतो. तापलेलं तेल मग नळीतून पुढे रेडिएटरपर्यंत जातं आणि इंजिनच्या पाण्याला आपला ताप देऊन परत येतं. आता इंजिनचं पाणीच 200 अंशांच्या वर उकाड्यानं हैराण असेल, तर तेलानं गाऱ्हाणं सांगायचं कुणाला?

इंडिओ समुद्रसपाटीपेक्षाही किंचित खाली आहे. तिथून रस्ता चिरियाको समिटपर्यंत साधारण 1,700 फूट चढतो. खंबाटकी पाहिलेल्या माणसाला हा घाट वाटणारच नाही. वळणं नाहीत, दरी नाही, 'हॉर्न वाजवा' नाही. रुंद, सरळ, निर्लज्ज रस्ता, आणि म्हणूनच फसवा. चढतोय हे डोळ्यांना कळतच नाही, ते फक्त तेलाला कळतं.

आमच्या डॅशबोर्डवर तेलाचं तापमान आकड्यांत दिसतं. ते मुलीला वाचायला दिलं होतं, गप्प बसावी म्हणून. शिवाय इथल्या गॅरेजांतला एक जुना ठोकताळा मी तिला मोठेपणानं शिकवून ठेवला होता. 175 अंशांना तेल एक लाख मैल टिकतं, पुढे दर 20 अंशांना आयुष्य निम्मं. हल्लीची सिंथेटिक तेलं याहून दणकट असतात, पण हे मी तिला सांगितलं नव्हतं.

"बाबा, 195. फिफ्टी थाउजंड."

"असू दे."

चढाच्या सुरुवातीला पाटी लागली. गाडी तापू नये म्हणून पुढचे काही मैल एसी बंद ठेवा.

"अहो, एसी बंद करा म्हणतायत."

"ते जुन्या गाड्यांसाठी असतं."

हे वाक्य मी का बोललो मला माहीत नाही. पाटीवर गाडीचं वय लिहिलेलं नव्हतं. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच जिवावर फिरतो, ते एक. दुसरं असं की एसीचा कंडेन्सर सगळ्यात पुढे उभा असतो. आपल्या अंगची उष्णता तो येणाऱ्या वाऱ्यात सोडतो आणि तो शेकलेला वारा मागच्या रेडिएटरला मिळतो. लग्नाच्या पंगतीत पुढच्यानं जिलबी उचलल्यावर मागच्याला पाक मिळावा, तसा.

"215. ट्वेंटी-फाइव्ह."

"अहो..."

मी क्रूझ कंट्रोल लावला होता. 68 मैलांवर. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला 55 ची मर्यादा आहे, हे मला माहीत होतं, पण शेजारून जाणाऱ्यांना कुठे माहीत होतं? क्रूझ कंट्रोलला चढ दिसत नाही. वेग एक मैलानं पडला की तो दचकतो, गिअरबॉक्स आठव्यातून सहाव्यात उडी मारते, इंजिन ओरडतं, वेग येतो, ती पुन्हा सातव्यात, आठव्यात. मग पुन्हा दचकणं. दर वेळी कुलूप सुटतं, मध्यस्थाची धावपळ, तेलाला चटका.

आबा बराच वेळ डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपलेत. ते ऐकत होते.

"आरं, गाडी रडतीया. दुसरा टाक."

"आबा, ती आपोआप टाकते."

"आपोआप टाकती, आन् आपोआप काढती. माणसानं टाकला की ऱ्हातो. दुसरा टाक."

"235," मागून आवाज आला. "ट्वेल्व्ह अँड अ हाफ."

गिअरच्या दांड्यावर एक बटण आहे. त्यावर 'टो/हॉल' लिहिलेलं आहे. हे बटण दाबलं की गाडीला कळतं, आपल्या मागे ओझं आहे. मग ती वरचे गिअर घाईनं टाकत नाही, खालच्यातच ठाम राहते आणि कुलूप शक्य तितकं लावून धरते. हे मी नंतर वाचलं. तोवर चार वर्षांत मी त्या बटणाला हात लावला नव्हता. माझं कॉलेज पुण्यात झालं. पुण्यात चार वर्षं दुचाकी वापरलेल्या माणसाला 'टो' शब्द दिसला की तो हात मागे घेतो आणि आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो.

"246. बाबा, इट्स ऑरेंज नाऊ."

"अरे, थांबव ना आता!"

गाडीत शांतता पसरली. आबांनी सुनेकडे पाहिलं नाही, तिनं आबांकडे पाहिलं नाही. मी निमूट कॅक्टस सिटी नावाच्या थांब्यात गाडी घेतली. नावावर जाऊ नका, सिटी नाही. संडास आहे, सावलीला मांडव आहेत आणि भोवती जळकं वाळवंट. गाडी उभी करून मी चावीकडे हात नेला, तोच आबा ओरडले. यष्टीच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला.

"बंद करू नगंस!"

इंजिन बंद केलं की पाण्याचा पंप थांबतो, तेलाचा पंप थांबतो, पंखाही मंदावतो; आतला ताप आतच कोंडतो. गिअर पार्कमध्ये टाकून, पेडल जरासं दाबून इंजिन हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवायचं. ओझं काही नाही, तेल मात्र फिरत राहतं आणि गार होऊन परत येतं. आबांना तेलाच्या पंपाचं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की उकळत्या गाडीला एकदम गप्प करू नये. मी पेडलवर पाय ठेवून बसलो. आबांनी उतरून जाळीत डोकावून पाहिलं आणि मला बोलावलं. जाळीत किडे, चतुर, एक अख्खं फुलपाखरू आणि वाळवंटाची धूळ, असा दाट लेप बसला होता.

"खिडक्या लावून झोपलंय बिचारं," आबा म्हणाले, आणि पिठीच्या पिशवीतला नवा पेस्ट्री ब्रश घेऊन कामाला लागले. बायको काही बोलली नाही. मोदकांना तूप लावायला तिनं तो काही तासांपूर्वीच घेतला होता.

तेवढ्यात शेजारच्या मोटरहोममधून हॅट घातलेला एक म्हातारा आला. त्यानं आमच्या गाडीकडे, ढोलांकडे, पट्टा लावून बसलेल्या गणपतीकडे पाहिलं आणि कशाचंही आश्चर्य न वाटता सल्ला दिला. हीटर लावा. फुल. खिडक्या उघडा.

मी भाषांतर करून सांगितलं. आबा एकदम खूश झाले. हीटर म्हणजे गाडीच्या आतला धाकटा रेडिएटरच. इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि त्याची धग आपल्या अंगावर येते. पाणी निवलं की तेलालाही थोडा आधार मिळतो. आबांनी आयुष्यभर हेच केलं होतं, फक्त त्यांच्या यष्टीत हीटरला बटण नव्हतं. तो डाव्या पायाशी कायमच चालू असे.

पुढचा चढ आम्ही असा चढलो. वेग 45. उजवी लेन. टो/हॉलचं बटण एकदाचं दाबलेलं, आणि वर हातानं चौथा गिअर टाकून ठेवलेला. आबांना मी सांगितलं की आठ गिअरच्या गाडीत चौथा म्हणजे यष्टीतला दुसराच. त्यांनी मोठ्या मनानं मान्य केलं. एसी बंद, हीटर फुल, चारी खिडक्या उघड्या. बाहेरून 112 अंश आत येत होते आणि आतून हीटर त्यांना लाजवत होता. बायकोनं डोक्यावर पदरासारखा टॉवेल घेतला आणि दुसरा गणपतीला घातला. शाडूची मूर्ती भाजत नाहीत, नुसती वाळवतात. त्यामुळे हे वाळवणाचंच पुढचं पाऊल आहे असं मी म्हणालो. कुणी हसलं नाही. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली माणसं काचा बंद करून, गार बसून आमच्याकडे बघत होती.

"228," मुलगी म्हणाली. थोड्या वेळानं, "214." मग, "206. बाबा, वी आर बॅक अबव्ह ट्वेंटी-फाइव्ह."

जे यंत्र मोटारीत माणसाच्या डाव्या पायाला आराम म्हणून आलं, त्याला आराम मिळावा म्हणून आम्ही चार माणसं आणि एक देव घामानं निथळत होतो. गाडी मात्र मजेत होती.

चिरियाको समिटला पेट्रोलपंप आहे. 1933 पासून तिथे प्रवासी थांबत आलेत. शेजारी जनरल पॅटनच्या नावाचं संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात त्यानं याच वाळवंटात रणगाड्यांच्या फौजा तयार केल्या. बाहेर उन्हात रणगाडे उभे आहेत. आबा एका रणगाड्याभोवती हात मागे बांधून फिरले आणि म्हणाले, "ह्येला बी आतच इंजिन असंल." त्या अनामिक ड्रायव्हरच्या पोटरीची त्यांना काळजी वाटली असावी.

माझ्या आठ हजार पौंडांचा आकडा कुठून येतो, हे मी पुढे शोधून काढलं. अॅरिझोनातच, कोलोरॅडो नदीकाठच्या बुलहेड सिटीहून निघणारा एक चढ आहे, डेव्हिस डॅम ग्रेड. बारा मैलांच्या आसपास, जवळपास 3,000 फूट. एसएई या इंजिनिअरांच्या संस्थेनं ओढण्याच्या क्षमतेचं जे प्रमाण ठरवलंय, त्यातली परीक्षा या चढावर होते. पायथ्याशी निदान 100 अंश गरमी हवी, ट्रेलर पूर्ण भरलेला, आणि एसी सगळ्यात थंड करून, पंखा सगळ्यात जोरात. वेग ठरावीक मर्यादेखाली पडता कामा नये आणि काही बिघडताही कामा नये. म्हणजे माझी गाडी एसी लावूनही हा चढ चढू शकते. जाळीत फुलपाखरू नसेल, तेल ताजं असेल आणि चालवणारा इंजिनिअर असेल तर.

तेल ताजं नव्हतं. पुढच्या आठवड्यात गॅरेजवाल्यानं ते काढून पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दाखवलं. हे तेल मुळात लाल असतं, सरबतासारखं, म्हणजे गळलं तर इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं. आमचा थेंब कोकमाच्या आगळासारखा निघाला, आणि वास करपलेल्या फोडणीचा. गॅरेजवाल्यानं बोलता बोलता सांगितलं की 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत या तेलात व्हेलचं तेल घालत, घर्षण हवं तेवढंच राहावं म्हणून. व्हेल वाचवायचे कायदे आले आणि रसायनं आली. मी हे आबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले.

"आपल्यात माशाचं नव्हतं ना? गणपती होता गाडीत."

नव्हतं, म्हणून खात्री दिली. गाडीला आता वेगळा कूलर बसवलाय, गिअरच्या तेलासाठी स्वतंत्र. सगळ्यांच्या पुढे, पहिला गार वारा त्याला. अधिक महिन्यातल्या जावयाला याहून चांगली जागा मिळत नाही. आबा परत जायच्या आधी त्याची जाळी दर रविवारी आतल्या बाजूनं पाणी मारून धुवायला शिकवून गेले. बाहेरून मारलं तर किडे आणखी आत रुततात. पेस्ट्री ब्रश आता गॅरेजमध्ये असतो. त्याची जागा घ्यायला स्वयंपाकघरात अजून दुसरा आलेला नाही.

त्या रात्री फीनिक्सला पोचायला साडेदहा वाजले. रात्रीसुद्धा शंभरच्या खाली उतरलेलं नव्हतं. मंडळाचे अध्यक्ष आणि दहा-बारा जण हॉलबाहेर वाट बघत उभे होते. आम्ही चौघं उतरलो तेव्हा कुणी काही बोललं नाही. आमचे अवतार बघून बहुधा कुणाला सुचलंही नसेल. अध्यक्षांनी मागचं दार उघडून मूर्तीच्या डोक्यावरचा टॉवेल हलकेच बाजूला केला, हात जोडले आणि मग काळजीनं विचारलं, "एसीत आणलंत ना बाप्पांना?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोनं आबांकडे पाहिलं.

"दुसऱ्यात आणलंय," आबा म्हणाले.